दहा वेळा, पूर्ण न थांबता

प्रिय दशांशबाई,

या नावाने गेल्या दीड वर्षात तुला कोणी हाक मारली नसेल, म्हणजे पत्र कोणाचं ते पहिल्याच ओळीत कळलं असेल. फाडायचं तर आत्ताच फाड. पण मग गोष्ट अर्धी राहील, आणि अर्धवट काही ठेवणं तुला जमत नाही हे मला पक्कं माहीत आहे. प्रयोगशाळेत सगळा वर्ग दोन पूर्णांक चार लिहून मोकळा व्हायचा. तू मात्र एक डोळा मिटून तिसरा दशांश शोधत बसायचीस आणि मला शेजारी ताटकळत ठेवायचीस. मी चिडायचो, पाय आपटायचो, तू म्हणायचीस, भडका, जरा निव. तर पहिली बातमी अशी की हल्ली मी ब्रेकच्या डिस्कची जाडी मोजतो आणि तिसरा दशांश बघितल्याशिवाय आकडा लिहीत नाही. आमच्या गॅरेजचे मिस्त्री म्हणतात, हे खूळ तुला कुठून लागलं? मी सांगत नाही.

दुसरी बातमी म्हणजे तुमची करडी गाडी आत्ता माझ्यासमोर जॅकवर आहे. मागच्या दारावर अजून तो ओरखडा आहे, तू पाण्याच्या टाकीला घासलीस आणि घरी 'कोणीतरी घासून गेलं' म्हणून सांगितलंस तो. पुढची दोन्ही चाकं मी काढून भिंतीला टेकवून ठेवलीत. दुपारची सुट्टी आहे, मिस्त्री डबा संपवून तोंडावर रुमाल टाकून बाकावर आडवे झालेत, आणि मी पान्यांच्या पेटीवर वही ठेवून हे लिहितोय. शनिवारी सकाळी नऊला तू गाडी न्यायला येणार आहेस. त्याआधी तिला कोणते ब्रेक पॅड घालायचे ते ठरवायचं होतं. ते ठरवण्यात माझे तीन दिवस, तुझ्या बाबांचा आवाज आणि मिस्त्रींची सगळी सहनशक्ती खर्ची पडली.

मी इथे कसा आलो हे तुला कोणी सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं असेल. कॉलेज सोडल्यावर पोरगा वाया गेला, गॅरेजमध्ये लागला, असं आमच्या शेजारीपाजारी म्हणतात. मी लागलो नाही, मी येऊन बसलो. मित्राची ती गाडी वाळूच्या ढिगातून काढून मी इथेच आणली होती, ब्रेक फेल कसे झाले याचा जाब विचारायला. ते सगळं पुढे सांगतो. आत्ता एवढंच की इथे मला बरं वाटतं. सकाळी शटर वर केलं की तेलाचा आणि रबराचा एक वास येतो, त्या वासाने माझं डोकं जागेवर येतं. डाव्या भिंतीवर पाने मापाने लावलेले आहेत, प्रत्येकाच्या मागे त्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला गायब आहे ते लांबून दिसतं. माझं डोकं तापलं की मिस्त्री भांडत नाहीत, फक्त नळाकडे बोट दाखवतात. मी जाऊन कोपरापर्यंत हात धुवून येतो. पहिल्या महिन्यात मी इतके हात धुतले की ते म्हणाले, तू मेकॅनिक होतोयस की सर्जन? आता आठवड्यातून दोनदाच जावं लागतं. या आठवड्यात चारदा गेलो, त्याला कारण तुझे बाबा.

पण आधी या गॅरेजचा एक नियम सांगितला पाहिजे. बाकी कुठे तो नाही, मी चौकशी केली. ज्याने ब्रेक बसवले त्याने गाडी मालकाच्या हातात द्यायची आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसायचं. नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घ्यावे लागतात, तेवढा वेळ चालवणाऱ्याने चालवायचं आणि बसवणाऱ्याने गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसायचं. अगदी गप्प. 'हळू', 'आता दाबा', 'बघा कसे लागतात' यातलं काहीसुद्धा नाही. मिस्त्रींचं म्हणणं, ब्रेक उद्यापासून ज्याच्या पायाला सांभाळायचेत त्याच्या पायाला ते कळू दे, तुझी बडबड मध्ये कशाला? शिवाय शेजारी स्वतःला बसायचंय हे माहीत असलं की कोणी नट अर्धा फिरवून सोडत नाही. मला हा नियम सुरुवातीला फारच जड गेला. माझं तोंड तुला ठाऊक आहे.

या नियमामुळेच माझं आणि माझ्या बाबांचं पुन्हा जमलं. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. घरात मी समोर असलो तरी आईला सांगायचे, त्याला सांग दार लावून घे. आणि चार महिन्यांपूर्वी एका सकाळी ते गाडी घेऊन थेट इथे आले. माझ्याकडे न बघता मिस्त्रींना म्हणाले, मागून घासल्यासारखा आवाज येतोय. मिस्त्रींनी काम मला दिलं. मग नियमाप्रमाणे मी त्यांच्या शेजारी बसलो. पाऊण तास. ते काही बोलले नाहीत, मला बोलायची मुभा नव्हती. गाडी पन्नासवर न्यायची, दाबायची, दहावर आणायची, सोडायची, असं ते करत राहिले, आणि प्रत्येक वेळी गाडी सरळ रेषेत, आवाज न करता मंद होत गेली. सहाव्या की सातव्या वेळी मी बघितलं, त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरणं सोडून दिलं होतं. उतरताना म्हणाले, 'चांगलं लागतंय.' आणि गाडीचं दार लावता लावता, 'संध्याकाळी लवकर ये, तुझी आई थांबते जेवायची.' माझी सगळी वर्षं पहिल्या नंबरात गेली असती तरी त्यांनी मला एवढं सांगितलं असतं की नाही, शंका आहे.

माझ्या कामाच्या जागेवर खिळ्याला एक लोखंडी कडी टांगलेली आहे. शनिवारी तुझ्या नजरेला पडेलच, म्हणून आधीच सांगतो. ती गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या फाटकाची कडी आहे. त्या लांब लांब फिरतात, गाडी दामटतात, म्हणून मी त्यांना मोठ्या तोऱ्यात शर्यतीच्या गाड्यांचे पॅड घातले. हे पॅड तापले की असे धरतात की बघत राहावं. दुपारी त्यांच्या शेजारी बसून फिरून आलो तेव्हा त्या खूश, मी तर हवेतच. पण ते पॅड गार असताना धरत नाहीत, हे मी नुसतं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात त्या गाडी काढायला गेल्या, ब्रेक दाबला, आणि गाडी आपली निवांत पुढे जाऊन स्वतःच्याच फाटकाला टेकली. लागलं कोणाला नाही. त्या आल्या, फाटकाची निखळलेली कडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, 'हे तुझं. माझी म्हैससुद्धा उठल्या उठल्या चालत नाही रे, जरा वेळ लागतो तिला. पण निदान ती मला तसं सांगते तरी.' मिस्त्री रागावले नाहीत, त्यांनी फक्त खिळा ठोकून दिला. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारतो: सकाळी घरातून निघाल्यावर पहिला ब्रेक तुम्ही कुठे लावता?

आता तुझे बाबा. सोमवारी ते आले तेव्हा मी गाडीखाली होतो. मला आधी त्यांचे बूट दिसले, मग तो ओरखडा, आणि मी असाच बराच वेळ खाली पडून राहिलो. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, आणि मी त्यांना फक्त कॉलेजच्या दारात, काचेआडून. त्यांच्या हातात इंटरनेटवरून छापून आणलेले कागद होते आणि त्यावर लाल पेन्सिलीने खुणा. मला वाटलं महत्त्वाचं अधोरेखित केलंय. नाही, त्यांनी शुद्धलेखन तपासलं होतं. जन्मभर मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाचं निवृत्तीनंतर असंच होत असणार. म्हणाले, 'मुलीला धरणावरच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची नोकरी लागली आहे. घाटाचा रस्ता आहे. दर आठवड्याला खाली येणार, वर जाणार. मला सगळ्यात कडक ब्रेक हवेत. हे, शर्यतीचे.' मी म्हणालो, काका, शर्यतीचे नकोत. ते म्हणाले, तू कोण सांगणारा? मी म्हणालो, बसवणारा. ते म्हणाले, 'इथे स्पष्ट छापलंय, सर्वोत्तम.' मी म्हणालो, छापलेल्यात चुका किती निघाल्या ते तुम्हीच लाल करून आणलंय. मिस्त्रींनी नळाकडे बोट दाखवलं. मी गेलो. परत आलो तर ते मिस्त्रींना विचारत होते, हा पोरगा नेहमी असाच आहे का? मिस्त्री म्हणाले, 'आता बराच उतरलाय. आधी आला असतात तर मजा होती.'

मंगळवारी ते पुन्हा आले, नवे कागद घेऊन. या वेळी मी हात आधीच धुवून ठेवले आणि माझा प्रश्न विचारला. तुमची मुलगी सकाळी निघाली की पहिला ब्रेक कुठे लावणार? त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, तिलाच विचारतो. आणि त्यांनी तिथेच फोन लावला आणि त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. माझ्या हातात चाकाचा नट होता. तू म्हणालीस, 'बाबा, मी कामात आहे,' आणि मागे काचेची भांडी वाजत होती. दीड वर्षानंतर तुझं पहिलं वाक्य हे. मग तू सांगितलंस: धरणावरच्या वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच उतार लागतो, उतार संपतो तिथे शाळा आहे, आणि मुलं रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघत नाहीत. सकाळी धुकं असतं. फाटकापासून शाळा दोनशे वीस मीटर. दोनशे वीस. मला हसू आलं, कारण दुसऱ्या कोणी 'जवळच' म्हटलं असतं. मग तू विचारलंस, कोण विचारतंय? बाबा म्हणाले, गॅरेजवाला पोरगा आहे एक, डोकं फिरल्यासारखा. आणि तू म्हणालीस, 'पण प्रश्न बरोबर विचारलाय त्याने.' फोन बंद झाल्यावर मी तो नट कुठे ठेवला ते दोन तास सापडत नव्हतं. तो माझ्या खिशात होता.

तुला काय घातलंय ते सांगतो, कारण तू कारण विचारणारच. एका टोकाला साधे मऊ पॅड असतात, गावात फिरायला छान, पण घाट उतरताना तापले की ढिले पडतात. दुसऱ्या टोकाला ते शर्यतीचे. मधले काही असतात. पॅडच्या कडेवर कंपनी दोन अक्षरं छापते. पहिलं अक्षर सांगतं पॅड नेहमीसारखा असताना किती धरतो, दुसरं सांगतं चांगला तापल्यावर किती धरतो. मी तुझ्यासाठी दोन्ही अक्षरं सारखी असलेले निवडलेत, आणि अक्षरांवर विसंबून न राहता ते आमच्या गाडीला लावून दोन दिवस पहाटे, गार असताना, बघून घेतले. दिसायला ते मातकट आहेत, कोणी वळून बघणार नाही. खरं सांगायचं तर कपाटात लाल रंगाचा शर्यतीचा एक संच मी स्वतःसाठी जपून ठेवला होता, आणि सोमवारी गाडी ओळखल्या क्षणी माझ्या मनात आलं की तोच तुझ्या गाडीला घालावा. माझ्याकडचं सगळ्यात भारी ते तुला द्यावं. मंगळवारी सकाळी खोका उघडूनही बसलो होतो. मिस्त्री मागून म्हणाले, 'कालपासून ही गाडी तू चारदा पुसलीस. गाडी कोणाची आहे ते मी विचारत नाही. पण पॅड पायासाठी निवडायचे असतात, मनासाठी नाही.' खोका परत वर ठेवला. बाबांनी तुला फोन लावला तो त्यानंतर दोन तासांनी. तुझ्या बाबांनाही अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही पॅडांवरची दोन्ही अक्षरं नीट वाचली आणि म्हणाले, 'हे बरोबर छापलंय.' पटल्याचं त्यांनी तेवढंच कबूल केलं.

आता ती वाळूची गोष्ट. तुझ्या आठवणीत ती अशी असेल: सरांनी मला म्हटलं, ही निरीक्षणं चोरलेली आहेत, मी वही फाडून त्यांच्या टेबलावर टाकली आणि निघालो, तू मागे धावत आलीस, परत चल, माफी माग म्हणालीस, मी मित्राच्या गाडीची किल्ली घेतली, तू समजूत घालायला शेजारी बसलीस, टेकडीचा उतार, नऊ वळणं, आणि शेवटच्या वळणावर ब्रेक फेल. मी सगळ्यांना हेच सांगितलं, ब्रेक फेल. तुलाही. तू चपलेतली वाळू झटकलीस आणि म्हणालीस, तुला थांबता येत नाही आणि ते तुला कळतही नाही, यापुढे तू चालवत असशील त्या गाडीत मी बसणार नाही. आणि कालव्याच्या कडेने चालत गेलीस. तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी ब्रेकला शिव्या देत उभा होतो.

ब्रेक फेल झाले नव्हते. मी वरून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, तुला दाखवायला की बघ, मला इंजिनाचीही गरज नाही. सगळा भार ब्रेकवर टाकला आणि पाय जवळजवळ उचललाच नाही. पाचव्या वळणावर तू विचारलंस, कसला वास येतोय? मी म्हणालो, कोणीतरी टायर जाळत असेल. मला तेव्हाच माहीत होतं. आठव्या वळणावर पेडल मऊ लागलं, तेही कळलं, आणि तरी मी गिअर टाकला नाही, कारण टाकला असता तर तू बरोबर होतीस असं झालं असतं. वाळूचा ढीग तिथे नसता तर पुढे कालवा होता. मी गाडी इथे आणली, मिस्त्रींनी चाक काढलं, काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड आणि निळी पडलेली डिस्क बघितली आणि एवढंच विचारलं, न्यूट्रलमध्ये उतरलास ना? मी त्यांच्याशी भांडलो, तरातरा निघून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. तुम्हाला कसं कळलं ते शिकवा, म्हणालो. दीड वर्ष तेच शिकतोय. तुला त्या दिवशी शेजारी बसवून मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि त्या खोट्याने तुझा जीव गेला असता. माझी चूक होती. हे वाक्य मी इथल्या नळाखाली हात धुताना शंभर वेळा म्हणून पाहिलंय. लिहिताना ते अवघड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

काल तुझ्या बाबांना मी कोण आहे ते सांगितलं. गाडीत मुलगी कोणाच्या शेजारी बसणार आहे हे बापाला माहीत असावं. ते म्हणाले, 'वाळूवाला?' म्हणजे घरी सगळं माहीत आहे. मी म्हणालो, हो. म्हणाले, तिने नाही, तिच्या आईने सांगितलं होतं, वाळू चपलेत सापडली तेव्हा आईने तिला खोदून विचारलं म्हणून. मी पत्र लिहिलं तर पोचवाल का, विचारलं. म्हणाले, 'पोचवीन. वाचणार नाही. पण शुद्धलेखन नीट कर, तिला खपत नाही.' आणि जाता जाता, 'तो गाडीत गप्प बसायचा नियम आहे ना तुमचा, तो चांगला आहे. पाळ.'

म्हणून हे पत्र. शनिवारी नऊ वाजता गाडी तू चालवणार, आणि ब्रेक मी बसवलेत, म्हणजे शेजारी मी बसायचं. पन्नासवरून दहावर, असं दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड डिस्कवर एका जागी दाबून धरला तर त्याचा ठसा उमटतो आणि मग गाडी प्रत्येक वेळी थरथरते. दोन ब्रेकच्या मध्ये किलोमीटरभर नुसतं चालवायचं, निवू द्यायचं. सगळं मिळून पाऊण तास, आणि त्यातलं एक मिनिटही मला बोलता येणार नाही. जे बोलायचं होतं ते वर लिहून टाकलंय, म्हणजे त्या पाऊण तासात माझ्या गप्प बसण्यात काही लपवलेलं नसेल. तुला मी शेजारी नको असेन तर आल्यावर मिस्त्रींकडे बघून नुसती मान हलव. त्यांना सांगून ठेवलंय, माझ्याऐवजी ते बसतील, मी नळावर असेन आणि वळून बघणार नाही. ब्रेक तरीही तितकेच धरतील. आणि मान हलवली नाहीस, तर शेजारचं दार आतून उघड. ते बाहेरून नीट उघडत नाही. ते मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही.

तुझाच,
भडका
(तिसऱ्या दशांशापर्यंत निवलेला)